सहा फुटांचं यार्ड

घरी छोटी रेल्वे उभारायची तर सुरुवात कुठून करावी, हा आजचा विषय. मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो, त्यामुळे वायर आणि सोल्डर हाताखालचे. पण या छंदात मी दीड वर्षाचा नवशिका आहे. तेव्हा नवशिक्याला उपयोगी पडेल तेवढंच सांगतो.

आम्ही राहतो बनारसला, ब्रह्मा घाटावर. जुना मराठी मोहल्ला. गल्लीत दोन माणसं आणि एक सांड समोरासमोर आले की वाहतूक बंद. जिना असा की आठ बाय चारचा प्लायचा तक्ता वळणावर अडकणारच. पुस्तकांतली चित्रं मात्र त्या आठ बाय चारवर अंडाकृती रूळ टाकून सुरू होतात.

आधी मापाचं बोलू. एचओ म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1 एप्रिल 1998 ला सुरू झालेलं. तिथल्या गाड्या याच मापाच्या. पुण्याला गेलात तर जरूर बघा, पण पाहून आल्यावर लगेच सामान मागवू नका. तसं शहर उभं करायला आयुष्य द्यावं लागतं.

एचओच्या दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. ते युरोपातल्या 1435 मिलिमीटरच्या रुळांवरून आलंय. आपली ब्रॉडगेज 1676 ची. तिला 87 ने भागलं तर 19 च्या वर येतं. म्हणजे बाजारातल्या तयार रुळांवर आपलं इंजिन जरा अरुंद पायांवर उभं राहतं. शुद्धतावादी यावर तासन् तास भांडतात. मी म्हणतो, चालू द्या. पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आता माझी गरज. हे सगळं मी माझ्यासाठी केलेलं नाही. माझे थोरले बंधू, दादा, डीएलडब्ल्यूमधून निवृत्त झाले. आताचं बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. 1964 च्या जानेवारीत तिथून पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं, डब्ल्यूडीएम-2 जातीचं, आणि दादांची उमेद त्याच जातीत गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात गेला नाही, पण चिमटीत काही धरवेना. घाटाच्या पायऱ्या बंद झाल्या. व्यायाम शिकवणारी मुलगी सांगायची, बारीक काम करा, मणी ओवा. दादा मणी ओवणारे नव्हेत. ते भिंतीकडे बघत बसायचे.

नुसती गोल फिरणारी गाडी त्यांनी पाच मिनिटं पाहिली असती आणि पुन्हा भिंत. म्हणून मी शंटिंगचं यार्ड निवडलं. याला इंगलनूक म्हणतात. ॲलन राइट नावाच्या इंग्रज गृहस्थाची कल्पना. तीन रूळ: एकावर पाच वॅगन मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन. इंजिनाच्या बाजूला इंजिन आणि तीन वॅगन एवढीच जागा. सांधे फक्त दोन. एकूण आठ वॅगन, आठ चिठ्ठ्या. पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने पाच वॅगनांची गाडी लावायची. असे 6720 क्रम होतात. एक डाव कधी दहा मिनिटांत सुटतो, कधी पाऊण तास खातो.

हे सगळं सहा फूट बाय एक फुटात बसतं. मी तीन-तीन फुटांच्या दोन फळ्या केल्या, बोल्टने जोडल्या. 12 मिलिमीटर प्लाय, खाली लाकडी चौकट. रंग दोन्ही बाजूंना द्या, नाहीतर पावसाळ्यात गंगेवरचा दमटपणा फळीला पापड करतो. थंडीत इथे पाच अंश, जेठात पंचेचाळीस. एवढ्या लांबीत रूळ मिलिमीटरभर वाढतो, तेव्हा जोडांत किंचित फट ठेवा. आणि खिडकीला जाळी आधी, रूळ नंतर. आमच्याकडे माकडं आहेत.

उंची तीस इंच ठेवली, खुर्ची आत सरकावी म्हणून. वीज 12 व्होल्टची, दोन तारा, काही अवघड नाही. एक गोष्ट मात्र पैसे देऊन पाळा: शंटिंग मुंगीच्या चालीने होतं, आणि सांध्याच्या मधल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर लहान इंजिन वीज तुटून थांबतं. सगळ्या चाकांतून वीज घेणारं, सहा आसांचं इंजिन घ्या. आमचं डब्ल्यूडीएम-2 आहे, वीतभर लांब. ते अडत नाही. रूळ आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे.

कपलिंग सोडवायला चुंबकाची सोय मिळते. मी मुद्दाम घेतली नाही. बांबूची काडी घेतली, तिला सायकलची रबरी मूठ बसवली. दादा ती उजव्या हाताने धरतात. सुरुवातीला एक जोड सुटायला चार-पाच प्रयत्न लागायचे आणि अधूनमधून वॅगनच आडवी व्हायची. मी मदतीला हात पुढे केला की म्हणायचे, “कर्नल, तू लाईनवरून बाजूला हो.” आता बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेला सुटतं. मूठ वळते, पेन अजून धरवत नाही. जे आहे ते सांगतो.

आता त्यांना पूल हवाय. गच्चीवरून राजघाटचा मालवीय पूल दिसतो. 1887 चा, वर रस्ता, खाली रेल्वे. मी हिशेब मांडला: पूल किलोमीटरच्या वर, म्हणजे एचओत बारा मीटर. आमचं घर तेवढं लांब नाही. एक मोठा गाळा मात्र साधारण सव्वा मीटरचा होतो, तो भिंतीलगत बसेल. वहिनींना विचारायचं राहिलंय, कारण त्या भिंतीपाशी त्यांचं कपाट आहे. तोवर पट्ट्या मी कापतो आणि पॉलिशपेपर दादा मारतात.