समूहाने शिकावयाचे वाद्य

(आकाशवाणीवरील भाषण)

संसाराची घडी बऱ्यापैकी बसल्यावर आणि नोकरीचा किंवा शेतीचा क्रम अंगवळणी पडल्यावर, एखादे वाद्य आपल्याला वाजविता आले असते तर किती बरे झाले असते, ही हुरहूर ज्यांच्या मनात एकदाही उठली नाही अशी माणसे आपल्या समाजात फार थोडी असतील. आणि ती उठताच ‘आता या वयात काय शिकणार’ एवढ्या एका वाक्याने तिची बोळवण करणारी माणसे मात्र पुष्कळ आहेत. आजचे माझे भाषण त्यांना उद्देशून आहे. विशेषतः कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील प्रौढ स्त्रीपुरुषांस, पहाटेची गाडी पकडून मुंबईस जाणाऱ्या नोकरदारांस आणि भातशेतीची कामे उरकल्यावर सायंकाळी थोडी सवड काढू शकणाऱ्या शेतकऱ्यांस मला असे सांगावयाचे आहे की, वाद्य शिकण्यात वयापेक्षा एकटेपणाचा अडथळा कितीतरी मोठा असतो, आणि तो दूर करण्याची वहिवाट आपल्या गावांत पूर्वापार चालत आलेली आहे.

ज्या वाद्याच्या निमित्ताने हा विचार मनात आला त्याचे नाव युकुलेली. गिटारीच्या घाटाचे, परंतु तिच्याहून पुष्कळच लहान, सुमारे २१ इंच लांबीचे, चार तारांचे हे वाद्य हवाई बेटांचे म्हणून जगभर ओळखले जात असले, तरी त्याचे मूळ पोर्तुगीजांच्या मादेरा बेटात आहे. १८७९ सालच्या ऑगस्ट महिन्यात ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज चारशेहून अधिक मादेरावासीयांना घेऊन होनोलुलूच्या बंदरास लागले. उसाच्या मळ्यांवर कराराने मजुरी करावयास आलेल्या या लोकांत मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जुझे दु एस्पिरितु सांतु हे तीन निष्णात सुतार होते; मळ्यावरील कामातून मोकळे झाल्यावर त्यांनी होनोलुलूत आपली दुकाने थाटली, मायदेशाहून आलेल्या छोट्या तंतुवाद्याचा घाट बदलला आणि तेथील कोआ वृक्षाचे लाकूड त्याच्या घडणीस लावले. हा कोआ आपल्या बाभळी-खैरांच्या गोतातला. ज्या खैरापासून काथ काढणे हा आपल्या डोंगरपट्ट्यातील कातकरी समाजाचा एके काळी परंपरागत व्यवसाय होता, त्या खैराचा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. पुढे हवाईचा राजा कालाकौआ याने या वाद्यास आपल्या दरबारात मानाचे स्थान दिले, आणि १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या भव्य प्रदर्शनानंतर ते अमेरिकेत घरोघर जाऊन पोहोचले. ज्या शतकात मादेराचे मजूर आपले वाद्य घेऊन हवाईस गेले, त्याच शतकात कोकणातील मराठी मजूर तशाच उसाच्या मळ्यांवर काम करावयास मॉरिशसला गेले आणि जाताना आपली जाखडी सोबत घेऊन गेले, हे येथे सहज आठवते. श्रमिकांच्या गाठोड्यातून संगीताने केलेला प्रवास मला नेहमीच राजेरजवाड्यांच्या नजराण्यांतून झालेल्या प्रवासाहून अधिक आदरणीय वाटत आला आहे.

आता या वाद्याची रचना आपल्या स्वरभाषेत सांगतो, म्हणजे ते परके वाटावयाचे नाही. पेटीची पांढरी एक हा षड्ज मानला, तर त्याच्या चार तारा, वाद्य छातीशी धरले असता वरून खाली, प, सा, ग, ध अशा जुळवितात. म्हणजे पेटीवरील पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. यातील सर्वांत वरची पंचमाची तार खर्जातील नसून षड्जाहून उंच लागते, आणि म्हणून सतारीच्या चिकारीसारखा एक उंच स्वर प्रत्येक आघाताबरोबर झणकत राहतो. या वाद्याला जी प्रसन्नता आहे तिचे बरेचसे कारण येथे आहे. चारही तारा एकदम छेडावयाच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी पडदे दाबून स्वरांचे मेळ, ज्यांना कॉर्ड म्हणतात, साधावयाचे, ही वादनाची पद्धत. खालची धैवताची तार तिसऱ्या पडद्यावर एका बोटाने दाबली की ती कोमल निषाद आणि शुद्ध निषाद ओलांडून तार षड्जावर येते, आणि सा, ग, प यांचा पूर्ण मेळ हाती लागतो. केवळ एका बोटाचे हे काम आहे. दोन बोटांनी म, ध, सा यांचा मेळ होतो आणि तीन बोटांनी प, नी, रे यांचा; आणि एवढ्या तीन मेळांच्या आधाराने शुद्ध स्वरांत बांधलेल्या कितीतरी साध्या चालींना साथ करता येते. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला, ज्याने आयुष्यात कधी वाद्यास हात लावला नाही अशा मनुष्याच्या हातून एक संपूर्ण, सुरेल स्वरमेळ निघतो, असे तंतुवाद्य दुसरे क्वचितच असेल.

कर्जतात आम्ही काही मंडळी आठवड्यातून एका सायंकाळी एकत्र बसून हे वाद्य शिकतो. त्या वर्गाचा बराचसा वेळ, आरंभी तरी, तारा जुळविण्यात जातो. कारण नायलॉनच्या नव्या तारा ताणल्या जाऊन सारख्या उतरत असतात, आणि घाटाच्या पायथ्याशी कोसळणाऱ्या आपल्या पावसात हवेतील दमटपणाने लाकूडही फुगते. तारा जुळविण्यासाठी छोटी यंत्रे मिळतात आणि मोबाईलवरही त्याची सोय आहे. परंतु माझा आग्रह असा की, ज्या वर्गात पेटी उपलब्ध असेल तेथे पेटीवरून तारा जुळवाव्यात, कारण यंत्राचा काटा डोळ्यांना स्वर दाखवितो आणि पेटी तो कानास देते. पुष्कळ मंडळींच्या चार-चार तारा एका षड्जाशी नेऊन भिडविताना लागणारा वेळ वाया गेला असे वाटण्याचा संभव आहे, पण कानाचे खरे शिक्षण त्याच वेळात होते. शेजाऱ्याची तार किंचित उतरलेली आहे हे ज्या दिवशी आपल्याला न सांगता उमगते, त्या दिवशी आपण शिकू लागलो असे समजावे.

सामूहिक शिक्षणाचे खरे मर्म मात्र याच्या पुढे आहे. एकटा शिकणारा मनुष्य चुकला की थांबतो आणि पुन्हा आरंभापासून वाजवू लागतो. पुन्हा त्याच ठिकाणी अडखळतो, पुन्हा थांबतो. आणि अशा रीतीने काही आठवड्यांनी त्याला ते गाणे येत नाही ते नाहीच, पण त्या ठिकाणी थांबण्याची सवय मात्र पक्की जडते. मध्यमाच्या दोन बोटांच्या मेळावरून पंचमाच्या तीन बोटांच्या मेळावर जाताना बहुतेक नवशिक्यांची बोटे अशीच अडतात. समूहात ठेका कोणासाठी थांबत नाही. डावा हात चुकला तर चुको, उजवा हात थांबवावयाचा नाही, हा तेथला शिरस्ता असतो. ज्याची बोटे वेळेवर पोहोचली नाहीत त्याने तो आघात मुक्याने द्यावा आणि पुढच्या समेवर सर्वांना येऊन मिळावे. त्याची उणीव शेजारचे भरून काढतात, गाणे अखंड राहते, आणि अखंड गाण्याच्या आत राहून शिकल्यामुळे लय ही त्याच्या अंगात उतरते. प्रौढ मनुष्याला चारचौघांत चुकण्याची जी लाज वाटते तिचेही निवारण येथे होते, कारण त्याचा एकट्याचा आवाज वेगळा काढून कोणी तपासीत नाही. पहिल्या काही दिवसांत बोटांची टोके दुखतात, त्यांना घट्टे पडेपर्यंत धीर धरावा लागतो. तोही सर्वांना मिळून धरावयाचा असल्यामुळे धरता येतो.

हे सर्व मी एखादा नवा शोध म्हणून सांगत नाही. आपल्या भजनी मंडळांत पिढ्यान्‌पिढ्या असेच शिक्षण चालत आले आहे. गावच्या देवळात सायंकाळी भजनास बसलेल्या मंडळीत नवा मुलगा येतो तेव्हा त्याला कोणी पाठ देत नाही. त्याच्या हाती टाळ दिला जातो. प्रथम तो भजनी ठेक्याच्या आठ मात्रा हातांनी ओळखतो, मग ध्रुपद धरतो, मग बुवांच्या मागे अभंग म्हणू लागतो, आणि त्याच्या ठिकाणी ओढ आहे असे दिसले की एखाद्या सायंकाळी पखवाज किंवा पेटी त्याच्यापुढे सरकविली जाते. कार्तिकातील काकडआरती, हरिनाम सप्ताह, आणि बोरघाट चढून आळंदीच्या वाटेला लागणाऱ्या दिंड्या, या त्याच्या परीक्षा. फार काय, १८५६ साली खोपोलीपर्यंत आणि १८६३ साली बोरघाट चढून पुण्याकडे गेलेल्या ज्या लोहमार्गाने या दोन तालुक्यांचे जीवन मुंबईशी बांधले, त्या मार्गावरील गाड्यांतही मंडळी उभ्याउभ्याने भजने म्हणत कामावर जातात. डब्याचा पत्रा हाच त्यांचा मृदंग होतो, आणि कालपर्यंत केवळ ऐकत असलेला प्रवासी आज झांज वाजवू लागलेला दिसतो. ज्या प्रदेशात असे शिक्षण घडते तेथे प्रौढांना वाद्य शिकविता येईल की काय, अशी शंका मनात आणण्याचेही कारण नाही.

गुरूने शिष्याला समोर बसवून दिलेली तालीम हीच खरी, वर्गात संगीत शिकविता येत नाही, असे म्हणणारे जाणकार आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या मताबद्दल मला आदर आहे. उत्तम गवई व्हावयाचे असेल तर त्यांचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे. परंतु कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि १९०८ साली मुंबईस त्याचा विस्तार केला, तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या घरी तालमीची सर्व कठोरता स्वतः भोगलेल्या त्या पुरुषास तालमीचे महत्त्व ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! प्रत्येक विद्यार्थी गवई होणार नाही, पण प्रत्येकाचा कान तयार व्हावा आणि संगीतास घराघरांत प्रतिष्ठा लाभावी, ही त्यांची दृष्टी होती. आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आज तालुक्यातालुक्यांतील मुले बसतात, हे त्या दृष्टीचे फळ आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स शहरी १९६७ पासून चाल्मर्स डोन या शिक्षकाने शाळांच्या वर्गांतून युकुलेली शिकविण्याचा जो उपक्रम चालविला आणि जो पुढे त्या देशभर पसरला, त्यामागेही हाच विचार होता.

दुसरी हरकत अशी घेतली जाते की, पडदे पक्के बसविलेल्या या परदेशी वाद्यावर मींड येत नाही, श्रुती साधत नाहीत, तेव्हा ते आपल्या संगीताच्या काय उपयोगाचे? मींडेविषयीचे म्हणणे खरे आहे, आणि जो या वाद्याकडून सारंगीचे काम मागेल त्याची निराशा होईल. पण हेच सर्व आक्षेप पेटीवर घेतले गेले होते. युरोपातून आलेल्या त्या वाद्यास ज्या नभोवाणीवरून मी आज बोलत आहे तिने १९४० साली मज्जाव केला आणि तो १९७१ पर्यंत टिकला. त्या तीन दशकांत एकाही गावच्या भजनाने पेटी बाजूस ठेवली असेल असे मला वाटत नाही. वाद्य कोठून आले हा प्रश्न लोकांनी आपल्यापुरता सोडविलेला आहे: ज्याच्या साथीने गाता येते ते आपले.

सामूहिक वर्गात एक उणीव आहे आणि ती लपविणे योग्य होणार नाही. समूहाच्या आवाजात आपली चूक दुसऱ्यास जशी ऐकू येत नाही, तशी ती आपल्यालाही ऐकू येत नाही. म्हणून रोज घरी दहा-पंधरा मिनिटे, एका मेळावरून दुसऱ्यावर बोटे नेण्याचा सराव, ठेका अगदी संथ ठेवून, केलाच पाहिजे. त्याला पर्याय नाही.

शेवटी माझी विनंती आहे ती दोन्ही तालुक्यांतील ग्रामपंचायतींस, नगरपालिकांस, वाचनालयांच्या चालकांस आणि शाळांच्या व्यवस्थापकांस. शाळेची इमारत सायंकाळी बंद असते, वाचनालयातील सभागृह आठवड्यातील बहुतेक दिवस मोकळे असते. त्यांतील एक खोली, एक दिवा आणि बसावयास सतरंज्या, एवढी तजवीज आठवड्यातून एका सायंकाळपुरती करावी, आणि गावच्या भजनी मंडळातील जाणत्या पेटीवादकास षड्ज देण्यासाठी सन्मानाने बोलवावे. युकुलेली मिळाली तर उत्तम. न मिळाली तर टाळ, पेटी, बासरी, जे हाती असेल ते चालेल. आणि श्रोतेहो, तुमच्या गावी असा वर्ग निघाला, तर पहिल्याच दिवशी जा, आणि जाताना शेजाऱ्यालाही सोबत घ्या.