जुन्या फोटोतील मोटारींची साक्ष



कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारींवर काय बोलावे, असे विषय वाचून काहींना वाटले असेल. पण ज्यांच्यात आमची उमर गेली त्या ड्रायव्हर, क्लीनर आणि फिटर मंडळींचेच हे ज्ञान आहे. पुस्तके आम्ही मागाहून चाळली. जुना फोटो पुढे ठेवला की शिकलेला माणूस आधी चेहरे न्याहाळतो. गॅरेजमधला फिटर कोपऱ्यातल्या गाडीकडे पाहतो आणि "हा लढाईनंतरचा फोटो" असे म्हणून मोकळा होतो. तो हे कशावरून म्हणतो, ते आज सांगायचे आहे.

यात मूळ नियम एकच. फोटोतली सर्वांत नवी गाडी ज्या साली निघाली, त्या सालाआधी फोटो निघालेला असू शकत नाही. जुन्या गाडीवरून काहीच ठरत नाही, कारण आपल्याकडे गाडी तीस-तीस वर्षे चालवतात, आणि त्यानंतरही ती कोंबड्यांच्या खुराड्याच्या कामी येते. म्हणून फोटोत फोर्ड दिसली की "वा, विशीतला फोटो!" म्हणण्याची घाई करू नये, तिच्यामागे कोण उभे आहे ते पाहावे.

फोर्डचेच पाहा. 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक निघाली. साऱ्या सारख्याच, असे वाटते. पण तिच्या रेडिएटरची चौकट १९१६ च्या नमुन्यापर्यंत पितळेची, चकचकीत असे. १९१७ च्या नमुन्यापासून ती काळी झाली. करड्या फोटोतसुद्धा पितळ लकाकते. १९१४ पासून १९२५ पर्यंत ही गाडी काळ्या रंगाखेरीज मिळतच नव्हती. तेव्हा त्या काळातली तांबडी फोर्ड एखाद्या रंगवलेल्या फोटोत दिसली, तर तो रंग बहुधा स्टुडिओतल्या चिताऱ्याचा समजावा.

पुढची ओळख दिव्यांवरून. १९३० च्या सुमारास अमेरिकन गाड्यांचे दिवे रेडिएटरच्या दोन बाजूंना वाट्यांसारखे सुटे असत. त्या दशकाच्या अखेरीस ते मडगार्डात शिरू लागले. १९४९ च्या फोर्डमध्ये तर मडगार्डच अंगात मिसळून गेले आणि चढताना पाय ठेवायचा फूटबोर्ड नाहीसा झाला. मुंबईच्या तिशीतल्या फोटोंत शेव्हरोले पुष्कळ दिसतात, त्याचे एक कारण म्हणजे जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता.

जीपच्या बाबतीत मोजणी करावी लागते. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजाव्यात. अगदी सुरुवातीच्या काही सोडल्या, तर लढाईतल्या जीपला नऊ फटी असत. १९४५ नंतर विलीस कंपनीने नागरिकांसाठी जीप काढली, तिला सात. १९५३ साली आणखी एक बदल झाला. नवे इंजिन उंच होते, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचलले. ही उंच कपाळाची जीप पुढे महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षे काढली, त्यामुळे ती आपल्या ओळखीची आहे. एका इंजिनाच्या उंचीमुळे फोटोचे साल सापडते, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते.

ट्रक ओळखणे मात्र कठीण. आपल्याकडे ट्रकची नुसती चासी कारखान्यातून यायची. हौदा, फाळका आणि पुष्कळदा केबिनसुद्धा गावचा सुतार बांधायचा. म्हणून बाजूने पाहून उपयोग नाही, नाक पाहावे. त्यातही डॉज, फार्गो आणि डिसोटो ही क्रायस्लर घराण्याची नावे. अंग एकच, पाटी वेगळी. जमशेदपूरला १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढले. त्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. करार १९६९ साली संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचे 'टी' अक्षर आले. तारा कोणीही कोणत्याही गाडीवर ठोकू शकतो, हे खरे. पण बॉनेटचा गोलवा ठोकून बसवता येत नाही. दोन्ही जुळले तरच साक्ष मानावी.

या ताऱ्यावरून एक प्रकरण झाले. मुंबईतल्या एका युनियनच्या कचेरीत मोर्चाचा एक मोठा फोटो टांगलेला होता. खाली कोणा पूर्वसुरींनी लिहिले होते : "फेब्रुवारी १९४६". नाविकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून मुंबईच्या कामगारांनी संप केला, तो महिना. एक निवृत्त गिरणी कामगार यायचे आणि म्हणायचे, "साहेब, ट्रकच्या फाळक्याला हात लावून उभे आहेत ते माझे वडील." कचेरीतले लोक हसून वाटेला लावायचे, कारण वडील कोकणातून मुंबईला आले ते १९५२ साली. हे गृहस्थ दर वर्षी यायचे आणि दर वर्षी गप्प होऊन परत जायचे.

आम्ही फोटो खाली उतरवून भिंग लावले. ट्रकच्या नाकावर तारा, बॉनेट गोल. म्हणजे १९५४ च्या आधीचा नव्हे. मागे गर्दीत एका गाडीचा तेवढा पुढचा भाग दिसत होता. दिव्यांवर टोप्यांसारख्या कडा. ती अँबॅसडर, आणि अँबॅसडर आली १९५७ साली. त्याच्याही मागे ट्राम उभी. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. झाले! फोटो १९५७ ते १९६४ च्या मधला, आणि वडील तेव्हा मुंबईत होते.

पण साल बदलायला कार्यकारिणीच्या दोन बैठका लागल्या. "सेहेचाळीसचा म्हणून लोक या फोटोला हात जोडतात, त्याचे काय?" असे एकाने विचारले. आम्ही म्हटले, १९४६ च्या संपाला या फोटोची गरज नाही. या माणसाला मात्र आहे. शेवटी पाटी बदलली आणि तीत वडिलांचे नाव घातले. मुलगा त्या दिवशी आला, पाटी दोनदा वाचली, आणि वडिलांच्या पायांत चपला आहेत की नाहीत ते भिंगातून पाहू लागला. होत्या.

फसवणुकीच्या जागा दोन सांगून थांबतो. फोटो उलटा छापला गेला, तर स्टिअरिंग उजवीकडचे डावीकडे जाते. दुकानाच्या पाट्या वाचून खात्री करावी. मात्र लढाईच्या काळात आलेल्या अमेरिकन लष्करी जीपचे स्टिअरिंग मुळातच डावीकडे असे, तेव्हा तो फोटो सुलटाच असेल. दुसरी जागा जत्रेतल्या स्टुडिओची. तिथे पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून आपल्या कित्येक आजोबा-आजींनी फोटो काढले. त्या मोटारीचा मेक शोधत बसू नये. चिताऱ्याने चार कंपन्यांची नाके एकत्र केलेली असतात.

आता ज्यांनी घरून फोटो आणले असतील त्यांनी ते पुढे पाठवावेत. मागे साल लिहिलेले असेल, तर कृपा करून आधी सांगू नये.