विद्यार्थ्यांचे पत्र आणि गुरुजींची कात्री



विद्यार्थ्यांनी चालविलेल्या पत्राचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांच्या मनात दोन भाव एकदम उभे राहतात. मुले लिहितात याचे कौतुक, आणि काय लिहितील याची धास्ती. मुंबईचे विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. ही धास्ती त्याहूनही जुनी आहे.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनी १८४८ साली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे होते. सभेत निबंध वाचावयाचे, त्यांवर चर्चा करावयाची, असा परिपाठ असे. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही निघू लागले. धर्म व राजकारण हे दोन विषय मात्र वर्ज्य होते. आज हा निर्बंध भेकडपणाचा वाटेल. परंतु १८३९ साली दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा मुंबईत केवढा गहजब उडाला होता, हे ज्यांस ठाऊक आहे ते या तरुणांस हसणार नाहीत.

पण वाद टळला काय? छे! सभेच्या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा उघडल्या आणि सकाळच्या वेळी तेथे विनावेतन शिकवू लागले. मुलीस अक्षरओळख करून देणे हे सभेच्या मते ज्ञानप्रसाराचे काम. गावाच्या मते तो धर्मावरच घाला! मुली मागण्यासाठी दादाभाई नौरोजी घरोघर हिंडले, तेव्हा काही पित्यांनी त्यांस पायऱ्यांवरून लोटून देण्याची धमकी दिली. पुढे १८५१ मध्ये दादाभाईंनी 'रास्त गोफ्तार' हे स्वतंत्र गुजराती पत्रच सुरू केले. सभेत जे बोलता येत नव्हते त्यासाठी निराळी जागा झाली.

माधवराव रानड्यांची गोष्ट याहून बोचरी. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना करून पहिल्यास उजवे ठरविले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. ग्रँटसाहेब विद्वान होते, विद्यार्थ्यांवर त्यांचा लोभही होता. तेच मला अधिक खुपते.

खुपण्याचे कारण सांगतो. अंधेरीच्या एका शाळेत मी मास्तर असताना मुलांच्या हस्तलिखित मासिकाची जबाबदारी मजकडे होती. नववीतल्या एका मुलाने लेख लिहिला: मधल्या सुट्टीत मुलांच्या नळास पाणी नसते, आणि कचेरीतील माठ मात्र भरलेला असतो. लेखात एकही शब्द खोटा नव्हता. शुद्धलेखनही, आश्चर्य म्हणजे, निर्दोष होते. वार्षिक तपासणी आठ दिवसांवर आली होती. मी तो लेख काढून टाकला. अंक शिवून झाला होता, म्हणून दोन पाने पात्याने कापली. मुलाने मला एका शब्दानेही विचारले नाही. पुढच्या अंकासाठी मात्र त्याने पावसाळ्यावर एक निबंध आणून दिला. अगदी गुळगुळीत, कोणाचेही मन न दुखविणारा. मी त्यास दहापैकी आठ गुण दिले.

सेवानिवृत्तीच्या वेळी मी तो जुना अंक मागून घेतला. शिवणीलगत कापलेल्या पानांच्या दोन अरुंद पट्ट्या अद्याप आहेत. त्यांतील एकीवर त्या मुलाच्या हातची काही अक्षरे उरली आहेत.