उणे तीस आणि चार टायर



कवीला बोलायला बोलावलं की तो पावसावर बोलेल, मोगऱ्यावर बोलेल, फार तर आईवर बोलेल अशी अपेक्षा असते. मी आज टायरवर बोलणार आहे. माझा नाइलाज आहे, कारण मी टायरच्या दुकानात वाढलो. सोलापूर-पुणे रस्त्यावर, मोहोळजवळ, आमच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेची टाकी, पाण्यानं भरलेलं घमेलं, दोन टाम्या आणि एक घण. बी.ए.चा अभ्यास मी जुन्या टायरच्या चळतीवर बसून केला. परीक्षेला गेलो तरी पँटवर काळा डाग असायचाच.

अब्बांचा एक नियम होता. ट्रकच्या पुढच्या चाकाला रिमोल्ड लावायचा नाही. रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून तयार केलेला टायर. मागं चाकं जोडीनं असतात. एकानं दगा दिला तर दुसरं सावरून घेतं. पुढं दोन्ही बाजूंना एकेकच चाक. उसाच्या हंगामात एका रात्री एक ड्रायव्हर आला. पुढचा टायर फाटलेला, जवळ रिमोल्ड. म्हणाला, "चाचा, कारखाना वीस किलोमीटरवर आहे. तेवढ्यापुरता लावून द्या." अब्बांनी लावला नाही. तो शिव्या देत निघून गेला. त्या दिवशी गल्ल्यात फारसं काही नव्हतं, त्यामुळे अम्मीही चिडली. अब्बा एवढंच म्हणाले, "टायर वीस किलोमीटरसाठी घ्यायचा नसतो. त्या वीस किलोमीटरात एक वाईट वळण असतं, त्याच्यासाठी घ्यायचा असतो." माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. बॅटरी धरून उभा होता. हे सगळं त्यानं ऐकलं होतं.

तो धाकटा आज कॅनडात आहे. अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरी शहरात. शहराबाहेरच्या शेतांवर आणि गुरांच्या गोठ्यांवर जाऊन पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. त्याच्याकडे ट्रक आहे. आपल्यासारखा दहा चाकांचा नव्हे; तिकडे पिकअपला ट्रक म्हणतात. पुढं माणसं, मागं उघडा हौदा, त्यात हत्यारांची पेटी. २०२२च्या नोव्हेंबरात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा बर्फ पडायला लागला होता.

आल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशीची गोष्ट. सकाळी पुतणीला शाळेत सोडायला आम्ही तिघं निघालो. थोडा उतार, पुढं चौक, चौकात थांबण्याची पाटी. धाकट्यानं वेळेवर ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती सावकाश, कुठलाही आवाज न करता, चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सुदैवानं आडव्या रस्त्यानं कोणी येत नव्हतं. कोणी बोललं नाही. पुतणी आपलं दप्तर घट्ट धरून बसली होती.

शाळेवरून परतल्यावर मी खाली वाकून टायर पाहिले. सवय जात नाही. नक्षी बरीच शिल्लक होती. धाकटा म्हणाला, "भाईजान, अजून एक हिवाळा निघेल. टायर गोटा झालेला नाही." मी अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं. रुतलं नाही. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे शोधले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. समजा '२३१९' असेल, तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. धाकट्यानं ही गाडी जुनी घेतली होती. टायर नऊ वर्षांचे निघाले.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपण टायर झिजला की नाही ते पाहतो. तिकडे नुसतं तेवढं पाहून चालत नाही, रबर मऊ आहे की नाही हेही पाहावं लागतं. साधं रबर साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतं. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत बसत नाही; वरून घसरत जातं. हिवाळ्यासाठीचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, त्यात सिलिका घालतात, ते थंडीत लवचीक राहतं. शिवाय त्याच्या नक्षीवर सुरीनं कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात.

संध्याकाळी आम्ही टायरच्या दुकानात गेलो. काय ते दुकान! फरशी इतकी स्वच्छ की अब्बांनी तिथं नमाज पढली असती. धाकट्याची नजर गेली ती एका राक्षसी टायरवर. मोठमोठी बटणं, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी. मला आमच्या ट्रकचे मागचे टायर आठवले. पण तो होता चिखलाचा टायर. चिखलात तो उत्तम; गोठलेल्या रस्त्यावर त्याच्या मोठ्या, जवळजवळ बिनचिरांच्या बटणांचा उपयोग कमी. दिसायला जो टायर सगळ्यात दांडगा, तो बर्फावर सगळ्यात भरवशाचा असेलच असं नाही.

मग दुकानदारानं दोन वाटा सांगितल्या. पहिली म्हणजे खास हिवाळी टायरांचा वेगळा संच. नोव्हेंबरात चढवायचा, एप्रिलात उतरवायचा. बर्फावर यासारखं काही नाही. क्यूबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. अल्बर्टात तसा कायदा नाही. ज्यानं त्यानं आपल्या जिवाची काळजी घ्यायची. दुसरी वाट म्हणजे ऑल-टेरेन, सर्व प्रकारच्या रस्त्यांवर चालणारा टायर. धाकट्याचं निम्मं काम खडीच्या रस्त्यांवर. तिथं हिवाळी टायरचं मऊ रबर लवकर झिजतं, धारदार खडीनं कापलंही जातं. वर्षातून दोनदा टायर बदलायचे तर उरलेले चार ठेवायला जागा लागते आणि त्याच्या तळघरात तर पंपांचे सुटे भाग भरलेले. म्हणून आमचं मत ऑल-टेरेनकडे झुकलं.

पण ऑल-टेरेन सगळे सारखे नसतात. काहींवर इंग्रजी 'एम' आणि 'एस' अशी अक्षरं असतात. चिखल आणि बर्फ असा त्याचा अर्थ. हे वाचून आपण निर्धास्त होतो, पण ती अक्षरं नक्षीच्या घडणीवरून, तिच्यात मोकळी जागा किती आहे त्यावरून मिळतात. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. चाचणीची खूण निराळी असते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. ही खूण १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत आली. एक ठरावीक नमुन्याचा टायर घेतात आणि दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच्यापेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवली, तरच ती टायरवर छापता येते.

मी विचारलं, "पकड म्हणजे नेमकी कसली?" दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, गाडी पुढं ओढण्याची. थांबण्याची नाही, वळण्याची नाही, आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावरची तर नाहीच नाही.

श्रोतेहो, हे उत्तर माझ्या डोक्यात राहिलं. धाकट्याची गाडी फोर-व्हील ड्राइव्ह. चारही चाकांना ताकद मिळते, त्यामुळे बर्फातून ती चटकन निघते. माणसाला वाटतं, गाडीनं रस्ता पकडलाय. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. निघताना जो फायदा मिळाला, तो थांबताना मिळत नाही. चौकात आमचं तेच झालं होतं.

बाकी निवड हिशेबाची होती. दाराच्या चौकटीवर चिकटवलेला कागद पाहिला. टायरचं माप होतं २७५/६५ आर १८. म्हणजे रुंदी २७५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १८ इंची. धाकट्याला आणखी रुंद टायर हवा होता. पण रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगायला बघतो, त्याला कापून खालच्या रस्त्यापर्यंत लवकर पोचत नाही. म्हणून तेच माप ठेवलं. मागं पंपांचं वजन असतं, म्हणून भार पेलणारा, 'एलटी' अक्षरांचा टायर घेतला.

किंमत ऐकून धाकटा गप्प झाला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाईजान, या वर्षी दोनच घेऊ. पुढचे दोन पुढच्या वर्षी." त्या महिन्यात घराचा हप्ता होता, पुतणीच्या दातांचा खर्च होता. मला सगळं माहीत होतं. दोन टायर चांगले आणि दोन कडक असले, तर गाडीचं एक टोक रस्ता धरतं आणि दुसरं सोडतं. पुढचे नवे घातले तर वळणावर मागची बाजू फिरून पुढं येते. शिवाय फोर-व्हील गाडीत नव्या-जुन्या टायरांचा घेर कमी-जास्त झाला की आतल्या गिअरांवर ताण येतो. हे सगळं मी सांगणार होतो. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, "तू बॅटरी धरून उभा होतास, आठवतं?" तो थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग चार टायर घेतले. दोनाचे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता. मी थोरला आहे, एवढं सांगून विषय संपवला.

टायर चढवण्याची वेळ सोमवारची मिळाली. रविवारी आम्ही शाळेच्या रिकाम्या वाहनतळावर गेलो. तिथं बर्फ दाबून घट्ट झाला होता. जुन्या टायरांवर ताशी तीस किलोमीटर वेग घेतला आणि एका खांबाशी ब्रेक दाबला. गाडी थांबली तिथपर्यंत पुतणीनं पावलं मोजली. अडतीस. पुढच्या रविवारी नव्या टायरांवर तीच जागा, तोच वेग. पावलं भरली सत्तावीस. पोरीनं उड्या मारल्या. अकरा पावलांत एक अख्खा चौक मावतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पारा उणे तीसच्या आसपास गेला. आमच्या मोहोळच्या उन्हाळ्यात डांबर वितळून टायरला चिकटायचं. इथं श्वास मफलरला चिकटत होता. टायरमधली हवाही थंडीनं आकसते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पौंडानं कमी होतो. पंधरा अंशांत भरलेली हवा उणे पंचवीसला सात पौंडांनी कमी भरते. म्हणून थंडीत दाब पुन्हा पाहायचा, आणि तोही सकाळी, गाडी हलवण्याआधी. हे काम माझ्याकडे आलं. मला फार बरं वाटलं.

मग नाताळानंतर चिनूक वाहू लागला. रॉकी पर्वतावरून उतरणारा हा कोरडा, उबदार वारा एका दिवसात वीस-वीस अंशांचा फरक करतो. बर्फ वितळला आणि रात्री रस्त्यावर पुन्हा गोठला. आम्ही परत त्या वाहनतळावर गेलो. या वेळी खाली बर्फ नव्हता, काच होती. तोच वेग, तोच खांब. गाडी घसरतच गेली. पुतणी पन्नासच्या पुढं मोजत गेली आणि मग थांबली. नव्या टायरांनीही तिथं फारसं काही केलं नाही. बर्फ शून्याच्या आसपास असतो तेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो, आणि म्हणून तो उणे तीसच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. आपण मात्र थंडी कमी झाली म्हणून वेग वाढवतो.

त्या संध्याकाळी धाकट्यानं गिऱ्हाइकाला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं काम होतं. म्हणाला, "रस्त्यावर खडी टाकून झाली की येईन. दुपार होईल." समोरचा माणूस काहीतरी बोलला असावा. धाकटा म्हणाला, "हो, टायर नवे आहेत. म्हणूनच मला कळलं."

श्रोतेहो, आपल्याकडे बर्फ नाही, पण घाट आहेत आणि पहिल्या पावसात तेलकट झालेले रस्ते आहेत. आज घरी गेलात की आपल्या गाडीच्या टायरवरचे ते चार आकडे शोधा. नक्षी दिसते म्हणून समाधान मानू नका, वय पाहा, रबराला चिरा गेल्यात का ते पाहा. स्टेपनीचंही पाहा; ती बिचारी न चालताच म्हातारी होते. आणि नवे टायर घेतलेत, तर एखाद्या मोकळ्या मैदानात एकदा त्यांच्यावर ब्रेक दाबून पाहा. ते किती थांबवतात ते कळेल, आणि किती थांबवू शकत नाहीत तेही.

मी परत निघालो तेव्हा धाकटा विमानतळावर सोडायला आला होता. पहाटेची वेळ, रस्ता चमकत होता. पुढच्या गाडीपासून त्यानं इतकं अंतर ठेवलं होतं की मागचे लोक हॉर्न वाजवून पुढं जात होते. मागच्या सीटवरून पुतणी म्हणाली, "बडे अब्बा, तुमचं विमान चुकेल." धाकट्यानं वेग वाढवला नाही. मीही काही बोललो नाही. विमान मिळालं.