डोंगरी सायकलस्वाराचे वर्ष

कुस्तीचा फड जत्रेतल्या एका दुपारपुरता रंगतो. परंतु त्या दुपारसाठी मल्ल वर्षभर तालमीत घाम गाळीत असतो, हे सीमाभागातील माणसाला सांगावे लागत नाही. डोंगरी सायकलस्वाराच्या बाबतीत मात्र ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. लोक शर्यत पाहतात, धुळीने माखलेल्या विजेत्याला टाळ्या देतात आणि घरोघर जातात. त्या शर्यतीमागे उभे असलेले वर्ष कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

हा खेळ तसा अलीकडचा. 1976 साली कॅलिफोर्नियातील एका डोंगरावरून काही हौशी तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली उतारावर सोडून शर्यत लाविली. वीस वर्षांनी, 1996 मध्ये, अटलांटा येथे या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. 2021 मध्ये भारताच्या राष्ट्रीय शर्यती गदगला झाल्या, तर 2023 मध्ये आशियाई शर्यती केरळातील पोनमुडीला. शर्यत साधारण दीड तासात आटोपते. तिला हिमालय लागत नाही; चार-पाच किलोमीटरांचा फेरा आणि त्यात दोन-तीन खडे चढ असले म्हणजे पुरे.

असे चढ बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत आहेत. बिदर शहर दोन हजार फुटांहून उंच अशा जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. पठाराची कड मांजरेच्या खोऱ्याकडे एकदम खाली उतरते. कलबुर्गीकडे काळी, तुरीची जमीन पसरली आहे. येथे वर्षभर सराव करावयाचा, तर वेळापत्रक युरोपचे चालणार नाही. ते या दोन मातींनाच विचारून आखावे लागेल.

मृगाचा पाऊस पडला की काळी माती फुगते आणि चाकाला अशी बिलगते की, शंभर पावलांत सायकल जागीच अडते. तेव्हा स्वाराने जांभ्या माळाकडे वळावे. मुरूम पाणी लवकर पिऊन टाकतो आणि ओल्या खडकावर तोल सांभाळण्याचे शिक्षण तेथेच मिळते. मोकळ्या दिवशी घरी जोर-बैठका आहेतच. पाऊस सरला की बाभळीचे काटे पुढे येतात. म्हणून जाणता स्वार ट्यूब काढून टायरात चीक भरतो. काटा रुतला तरी भोक आपोआप बुजते.

दिवाळीनंतर खरा हंगाम सुरू होतो. रब्बीची ज्वारी उभी असते, हवा कोरडी आणि थंड असते. प्रारंभी तीन-तीन, चार-चार तासांची संथ रपेट, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने. त्यायोगे हृदय आणि पायांचे स्नायू दीर्घ श्रमाला सरावतात. मग तोच एक चढ चार-पाच मिनिटे सर्व बळ लावून चढावयाचा, विसावा घ्यावयाचा आणि पुन्हा चढावयाचा. भाकरी, तुरीचे वरण आणि भुईमुगाच्या शेंगा हा येथला घरचा आहार या श्रमांना उत्तम मानवतो.

उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्याही वर जातो. अंगाला उष्णतेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात; मग घाम लवकर सुटू लागतो आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. ही सवय उजाडता-उजाडता थोड्या थोड्या रपेटीने, मीठ-पाणी जवळ ठेवून करावी. भर दुपारी साहस करू नये. वैशाखात काही आठवडे सायकल भिंतीला टेकवून ठेवणे, हाही सरावाचाच भाग होय. सकाळी उठताच नाडी नेहमीपेक्षा जलद चालत असेल, तर शरीर विश्रांती मागत आहे असे समजावे. जमीनसुद्धा उन्हाळ्यात नांगरून तापत ठेवतात, ती काही तिच्या आळसासाठी नव्हे.

विजापूर आणि बागलकोट येथे पर्वत नाहीत, पाऊसही बेताचाच. तरी कर्नाटकाचे कितीतरी नामांकित सायकलपटू त्याच मातीतून आले. कारण तेथील क्रीडा वसतिगृहांत मुलाचे जेवण, शाळा आणि सराव बारा महिने एकत्र चालले. धंदेवाईक खेळाडूला पुढे रेल्वेची किंवा सेनादलाची नोकरी आधार देते. परंतु ती नाव झाल्यावर. नाव होण्यापूर्वीची चार-पाच वर्षे कोणी सांभाळावयाची, हा खरा प्रश्न आहे. शर्यतीच्या सायकलीची किंमत लाखाच्या पुढे जाते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला ती झेपणारी नव्हे.

2006-07 पासून कर्नाटक शासनाने आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या. भालकी, औराद, आळंद या तालुक्यांतील कितीतरी मुले वस्तीवरून शाळेपर्यंत खाचखळग्यांतून, वाऱ्याला तोंड देत रोज गेली. त्यांतील एखाद्याच्या पायांत विजेत्याचे बळ असेल; पण शर्यत जाहीर झाल्यावर त्याला महिनाभर पळवून ते बळ हाती लागत नाही. गावाने एक सायकल, एक जाणता शिक्षक आणि दोन वेळचे पोटभर अन्न यांची वर्षभराची तरतूद केली, तर ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तोच त्या मुलाची तालीम होईल.