यंत्रामागचा डोळा

आज पदवी हाती घेणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो,

अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत, त्या काळी स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी विद्यालयात शिकवत होते. त्यांचं नाव लाभलेल्या, खेड्यातल्या रुग्णासाठी उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाचे तुम्ही आता डॉक्टर आहात. माझं काम मेंदूच्या रेडिओलॉजीचं. आज त्याबद्दलच बोलतो, कारण आपल्या बीड जिल्ह्याला त्याची फार गरज आहे.

धारूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवरून पहाटे जीप येते. पन्नाशीचा माणूस, उजवा हात-पाय लुळा, वाचा बसलेली. नातेवाईक सांगतात, “अंगावरून वारं गेलंय, डॉक्टर.” ऊसतोडीला गेल्यापासून रक्तदाबाची गोळी बंदच. मेंदूत गुठळी अडकली की रक्तस्राव झाला, हे नुसतं तपासून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी सीटीच लागतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं. रक्तस्रावात तेच औषध जिवावर बेतेल. म्हणून आधी विचारा, रात्री जेवून निजला तेव्हा तो नीट बोलत होता का? त्याला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, घड्याळ तिथून मोजायचं.

रक्तस्राव सीटीवर पांढराशुभ्र दिसतो, बहुधा इंटर्नच्याही लक्षात येतो. गुठळीचं तसं नाही. पहिल्या काही तासांत सीटी जवळजवळ नॉर्मल वाटतो. इन्सुलाची करडी पट्टी पुसट झाली आहे का, लेंटिफॉर्म न्यूक्लियसची कड हरवली आहे का, मिडल सेरेब्रल धमनी दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त पांढरी आहे का, एवढ्याच खुणा. कॅलगरीच्या डॉक्टरांनी 2000 मध्ये या धमनीच्या हद्दीतले दहा भाग ठरवून दिले. बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण कमी. ही ॲस्पेक्ट्स पद्धत वाचायला एक दुपार पुरते. डोळा तयार व्हायला वर्षं जातात.

यंत्र आणि डोळा यांची ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी झाला. यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरचं. चित्र 80 बाय 80 ठिपक्यांचं, आजच्या मानाने अगदी भरड. त्यात गाठ ओळखायला जेम्स अँब्रोझ हा रेडिओलॉजिस्ट शेजारी होता. हाउन्सफील्डना 1979 मध्ये नोबेल मिळालं.

आपल्याकडे सीटी आला, तेव्हा फिट येणाऱ्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एक छोटी चकाकणारी कडी दिसू लागली. तिला सर्रास क्षयाची गाठ समजून महिनोन्महिने क्षयाची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यातल्या बहुतेक पट्टकृमीच्या अळीमुळे झालेल्या निघाल्या. 1989 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि असंख्य रुग्णांचे उपचार बदलले. आपण सांगितलेलं निदान खरं ठरलं का, हे शेवटपर्यंत जाऊन पाहण्याची ही वृत्ती मला या शास्त्रातली सर्वांत मोलाची वाटते.

न्यूरोरेडिओलॉजीच्या प्रशिक्षणात हीच वृत्ती अंगी बाणवली जाते. रेडिओलॉजीच्या एमडीनंतर बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा, दिल्लीचं एम्स अशा संस्थांत तीन वर्षांचं डीएम करता येतं. काही ठिकाणी त्याहून कमी मुदतीच्या फेलोशिपही असतात. तिथे सकाळी तुम्ही रिपोर्ट लिहायचा आणि दुपारी वरिष्ठाने शेजारी बसून तो खोडायचा. मग शस्त्रक्रियेत काय सापडलं, पॅथॉलॉजीने काय म्हटलं, हे आपल्या वहीत निदानापुढे टिपायचं. कॅथलॅबमध्ये मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून कॅथेटर मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढायलाही तिथेच शिकतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी या उपचाराचा फायदा सिद्ध केला. त्यासाठी रुग्ण मोठ्या शहरात न्यावा लागेल. पण तो न्यायचा की नाही, हे पहिला सीटी पाहणाराच ठरवणार, आणि तो इथे बसलेला हवा.

बीडमध्ये रेडिओलॉजीवर बोलायचं आणि सोनोग्राफीबद्दल गप्प राहायचं, हे मला जमणार नाही. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात हजार मुलग्यांमागे फक्त 807 मुली होत्या. ते पाप यंत्राचं नव्हे, ते वापरणाऱ्या आणि वापरायला लावणाऱ्या हातांचं. तुमच्यापैकी जे रेडिओलॉजीकडे वळतील, त्यांच्याकडे कोणी ओळखीचा, पाहुणा, पुढारी गर्भाचं लिंग सांगण्यासाठी शब्द टाकेल. नकार द्या. तिथे तडजोड नाही.

तुमच्यापैकी काहींनी न्यूरोरेडिओलॉजी निवडावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. बंगळुरूला जा, तिरुवनंतपुरमला जा, परदेशी जा. शिकून मराठवाड्यात या. ते नाहीच जमलं तर निदान इथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरचा फोन उचला आणि त्याने पाठवलेला सीटी त्याच्याबरोबर वाचा. आणि जे मेडिसिन, बालरोग किंवा ग्रामीण रुग्णालयात राहणार आहेत, त्यांना एकच मागणं: ज्या रुग्णाला तुम्ही डोक्याचा सीटी लिहून द्याल, त्याचा केवळ रिपोर्ट वाचून थांबू नका. रेडिओलॉजी विभागात जा, तो सीटी स्वतः पाहा, आणि त्या रुग्णाचं पुढे काय झालं ते आपल्या वहीत लिहून ठेवा.