नऊ आण्यांचं पुस्तक

कळसहून तुमची बचत गटाची ताई बोलतेय. आज कर्ज, हप्ता, व्याज बाजूला ठेवू. आज एका लिहिणाऱ्या बाईची गोष्ट ऐका. तिचं नाव ताराबाई शिंदे.

ताराबाई बुलढाण्याच्या. जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते आणि जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजात होते. त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. तिचं लग्न झालं, नवरा घरजावई होता. पोटी मूल नव्हतं.

१८८१ साली सुरतेकडं एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. त्या जातीत विधवेचं दुसरं लग्न करत नसत. तिला दिवस गेले, मूल झालं आणि लोकलाजेपायी तिनं ते मारलं. कोर्टानं फाशी सुनावली. पुढं ती शिक्षा कमी करून हद्दपारीची केली. पण वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांना नावं ठेवणं सुरू झालं. त्या मुलाचा बाप कोण, हे विचारायला कुणी पुढं आलं नाही.

ताराबाईंना हे सोसवलं नाही. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिलं. पुण्याच्या शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती छापल्या. किंमत नऊ आणे. पुस्तक छोटंसं, पण एकेक वाक्य मिरचीच्या ठेच्यासारखं.

त्यांची रीत साधी होती. बाई कपटी, बाई चंचल, बाई अविचारी, असे जे जे दोष लोक लावतात, ते एकेक घ्यायचे आणि विचारायचं, हे पुरुषात नाहीत का? बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग नवरा मेलेल्या बाईनं जन्मभर कोपऱ्यात का बसायचं? सावित्रीनं यमाकडून नवरा परत आणला, हे सगळे सांगतात. बायकोला आणायला यमाच्या वाटेला कुणी नवरा गेल्याचं ऐकलंय का? वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळताना हा प्रश्न आठवून बघा.

पुस्तकावर टीका झाली. सुधारक म्हणवणाऱ्यांनाही ते झोंबलं. जोतिरावांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हेही पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं. मधे ९३ वर्षं गेली. पुढं त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं.

त्या काळी असं बोलणाऱ्या आणखीही बाया असतील. कुणी जात्यावर, कुणी पाणवठ्यावर बोलली असेल. त्यांचं बोलणं वाऱ्यावर गेलं. ताराबाईंचं कागदावर होतं, म्हणून सापडलं.

आता आपल्या गटाची इतिवृत्ताची वही उघडून बघा. दर बैठकीला तेच वाक्य, 'सविस्तर चर्चा झाली व सर्वानुमते मंजूर.' चर्चा कुणी केली? नको कोण म्हणालं? कशासाठी म्हणालं? त्यातलं काहीच वहीत नाही. उद्या कुणी म्हणालं, 'तेव्हा तुम्ही बाया गप्पच होता,' तर दाखवायला काय आहे?

म्हणून पुढच्या बैठकीपासून जिनं जे म्हटलं ते तिच्या नावासह लिहा. एखादीला लिहिता येत नसेल, तर ती सांगेल तसं दुसरीनं लिहावं आणि वाचून दाखवावं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा आपल्या राज्यात कायदा आहे. तिथंही उठून सांगा, 'माझं म्हणणं लिहून घ्या.' सही करायच्या आधी ते लिहिलंय का, हे बघा.

आणि एखादीच्या नावानं गावात कुजबूज सुरू झाली, तर तिच्यावर बोट ठेवायच्या आधी ताराबाईंसारखं विचारा, दुसरा कोण होता?